गल्लीतली विज्ञान व्याख्यानं: जकार्डचं झालं, आता पुढं काय घ्यायचं?

कांडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज क्लासला सुट्टी आहे म्हणून बसले. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागच्या अंगाला, आम्ही चौघी मैत्रिणींनी मागच्या दिवाळीनंतर एक गोष्ट चालू केलीये. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या समाजमंदिरात कुणीतरी माहितगार माणूस येतो आणि विज्ञानातलं नाहीतर इंजिनिअरिंगमधलं काहीतरी सांगतो. तिकीट नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. चाळीस खुर्च्या, पुढं पोरांसाठी सतरंजी, आणि माठातलं पाणी.

हारतुरे नाहीत हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं, त्याला कारण आहे. मी बारावीत असताना एका ठिकाणी विजेवरचं व्याख्यान ऐकायला सायकलवर गेले होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचं मनोगत यात तास-सव्वा तास गेला. वक्ते खरंच मोठे होते पण त्यांना पंचवीस मिनिटं उरली, त्यात त्यांनी इंग्रजी स्लाइडा पळवल्या आणि शेवटी "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत" म्हणून माइक बंद. मी वहीत प्रश्न लिहून नेला होता, की वीज साठवता येत नाही म्हणतात तर मग बॅटरीत काय असतं? तो प्रश्न तसाच घेऊन परत आले. उत्तर (बॅटरीत वीज नसून रसायनं असतात आणि त्यांची आपसात क्रिया होताना वीज तयार होते) मला पुढं दोन वर्षांनी कळलं. म्हणून आमच्याकडं नियम एकच, वक्त्याला अर्धा तास आणि लोकांना बाकीचा सगळा वेळ.

आता मागच्या महिन्याचं सांगते. विषय होता कॉम्प्युटर कुठून आला. वक्ता आपल्याच भागातला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, सुट्टीला आला होता. त्यानं सुरुवात जकार्डपासून केली. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग उभा केला, कोणता उभा धागा उचलायचा ते कार्ड ठरवणार. पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं तीच कार्डाची कल्पना आपल्या गणिती यंत्रासाठी घेतली. त्याच्याकडं जकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, लांबून बघितलं तर छापलेलं वाटावं असं, आणि ते विणायला २४,००० कार्डं लागली होती. हा आकडा ऐकून मागं बसलेले आमचे मागवाले एकदम सावरून बसले, कारण २४,००० कार्डं म्हणजे काय काम असतंय ते त्यांना सांगावं लागत नाही.

मग वक्ता म्हणाला की कार्डाला भोक असलं की सुई अडते आणि धागा खाली राहतो. तेवढ्यात एक आजोबा उठले. ऐंशीच्या पुढचे आहेत, आयुष्यभर कार्ड पंचिंग केलेलं. म्हणाले, "उलटं सांगलालास बाळा."

पिशवीतून त्यांनी दोऱ्यानं ओवलेली सात-आठ जुनी कार्डं काढली, कडा काळ्या पडलेल्या. एक कार्ड ट्यूबलाइटसमोर धरलं, भोकांतून उजेड त्यांच्या सदऱ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी पडला. एका भोकात बॉलपेनची कांडी घालून दाखवली. "भोक आहे, सुई आत शिरली, मागचा हुक सरळ उभा राहिला, पट्टी वर जाताना त्याला घेऊन जाती, धागा वर. भोक नाही, कार्ड सुईला मागं ढकलतंय, हुक पट्टीवरनं सुटला, धागा खाली. एका आडव्या धाग्याला एक कार्ड." मग म्हणाले पावसाळ्यात कार्ड ओल धरून फुगायचं, भोक सुईसमोरनं सरकायचं आणि नको तो धागा खाली राहायचा, म्हणून कार्डं कोरडी ठेवायला किती जपावं लागायचं.

सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, एकच कार्ड चुकीचं पंच झालं तर? आजोबा म्हणाले, तर डिझाइन जेवढ्या वेळा फिरंल तेवढ्या वेळा त्याच जागी तीच चूक. मोराच्या डोळ्याच्या जागी ठिपका पडलेला, नऊ चादरी उतरल्यावर कळलं. वक्ता हात जोडून म्हणाला, आमच्याकडं याला बग म्हणतात, आणि तो पण एकदा शिरला की दर वेळी तिथंच येतो.

त्यानंतर जवळजवळ दीड तास कुणी हललं नाही. मागच्या बाजूला बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या, त्यांनीसुद्धा प्रश्न विचारले. माझे वडील मागावर होते, घरात मी जन्मापासून तो खडखडाट ऐकलाय, पण हुक कसा सुटतो ते मला त्या संध्याकाळी कळलं, ते पण माझ्याच गल्लीतल्या माणसाकडनं. आपल्या हातात असलेल्या वस्तूपासून विज्ञान सुरू केलं की माणसं ऐकतातच आणि वर भर पण घालतात, असं माझं पक्कं मत झालंय.

तर आता पुढचे चार-पाच विषय ठरवायचेत. कुणी बोलायला येत असेल तर फारच छान. सुचवा.

बार्शीलाईट

कांडीताई, वाचून अंगावर काटा आला. कार्डाच्या भोकात शिरणारी बॉलपेनची कांडी डोळ्यासमोर उभी राहिली.

तुमच्या धाग्यावरून मायकेल फॅरडे आठवला. लोहाराचा मुलगा, शिक्षण नावालाच, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ. दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, ते वर्ष १८१२. पोरानं चार व्याख्यानं ऐकली, सगळी लिहून काढली, चित्रांसकट, आणि स्वतःच्या हातानं बांधून तीनेकशे पानांची ती वही डेव्हीलाच पाठवली. पुढच्या वर्षी तिथंच मदतनीस म्हणून लागला. १८३१ मध्ये त्यानंच दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते, आज औष्णिक केंद्रापासून धरणापर्यंत सगळीकडं जनित्र त्याच तत्त्वावर फिरतंय. एका जाहीर व्याख्यानाचं तिकीट एवढं लांब जाऊ शकतं.

आणि त्यानं ते उपकार फेडले पण. १८२५ पासून तिथं नाताळात मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली, त्यातल्या १९ वर्षी व्याख्याता तो स्वतः होता. एका वर्षी तर सहाच्या सहा व्याख्यानं एका मेणबत्तीवर. त्यातला एक प्रयोग मी शाळेत दरवर्षी करतो, तुम्ही पण करा. मेणबत्ती दोन मिनिटं नीट जळू द्या, मग हळूच फुंकून विझवा, वातीवरून पांढरा धूर सरळ वर जाईल (पंखा बंद पाहिजे, नाहीतर काहीच होत नाही). त्या धुराला वातीपासून इंच-दोन इंच वर पेटती काडी लावा. ज्योत धुरातनं खाली उडी मारते आणि वात परत पेटते! तो धूर म्हणजे मेणाची वाफ असते आणि जळते ती वाफच, वात फक्त वितळलेलं मेण वर ओढून आणते. पोरं पाच-पाच वेळा करायला लावतात. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा एवढंच.

मोहोळचा_माळ

चांगलं काम आहे. माझ्याकडून एक विषय, कृत्रिम पाऊस. आपल्या जिल्ह्यावर ती विमानं फिरत होती तेव्हा आमच्या गावात सगळे म्हणायचे की हे ढग फोडून पाऊस पळवायलेत. पारावर दुसरी चर्चाच नव्हती. मी पण बोललोय तसं, खोटं कशाला सांगू. पण खरं काय झालं हे गावात येऊन आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. ज्यांच्या डोक्यावर प्रयोग झाला त्यांना तर सांगायला पाहिजे की नाही?

हिप्परगा

मोहोळचा_माळ दादा, तुमची तक्रार रास्त आहे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, जेवढं वाचलंय तेवढं सांगतो.

तो प्रयोग पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामान संस्थेचा होता, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात. सोलापूर निवडलं कारण आपण पर्जन्यछायेत आहोत, म्हणजे घाटावर पाऊस पडून जातो आणि आपल्याकडं ढग येतात पण बरेचसे न बरसता जातात. ढगातला थेंब फार बारीक असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तसे साधारण दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. ते जमलं नाही तर ढग तसाच विरून जातो. विमानाच्या पंखाला नळकांडी लावलेली असतात, ती ढगाच्या तळाशी जाळली की कॅल्शियम क्लोराइडचे कण बाहेर पडतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तोच गुण या क्षाराला त्याहून जास्त. कणाभोवती पाणी जमतं, जरा मोठे थेंब तयार होतात, ते बारक्यांना धडकत-गिळत मोठे होतात आणि पडतात. यात ढग पळत नाही आणि नसलेला ढग तयार पण होत नाही.

आता महत्त्वाचं. त्यांनी २७६ ढग निवडले आणि त्यातल्या काहींवर फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले, आणि कोणता कुठं जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर ठरवलं. असं का? कारण फवारलेला ढग बरसला तर तो फवारल्यामुळं बरसला की बरसणारच होता हे एका ढगावरून कधीच कळत नाही. दोन्ही गट शेजारी ठेवले तरच कळतं. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले, वाऱ्याच्या दिशेनं पुढं साधारण १०० चौरस किलोमीटर भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. म्हणजे फायदा आहे, पण मोजका आहे, आणि ढग असले तरच.

दादा, व्याख्यान पूर्व भागात होऊ दे, पण नंतर तुमच्या गावच्या पारावर पण मी येतो. शब्द देतो.

मोहोळचा_माळ

चिठ्ठ्या टाकून ढग निवडले हे पहिल्यांदा ऐकलं. या सर, गाडी पाठवतो. म्हातारी माणसं वाद घालतील, पण ऐकतील.

पाणीपट्टी

मी पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं काढली, आता निवृत्त. आपल्या शहराला पाणी देणाऱ्या उजनी धरणावर बोलायची माझी फार इच्छा आहे. दरवर्षी उन्हाळ्यात बातमी येते, उजनी मायनसमध्ये, आणि लोकांना वाटतं धरण कोरडं पडलं. धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराच्या खालचं. शून्य टक्के म्हणजे ते ६३ अजून तिथंच आहे. एक टीएमसी म्हणजे साधारण २८३० कोटी लिटर, हिशोब करून बघा. पाणी खाली गेलं की आमचे नेहमीचे पंप तिथवर पोचत नाहीत, मग आधी दुसरे पंप लावून पाणी विहिरीपर्यंत आणायचं आणि तिथून परत उचलायचं, याला दुबार पंपिंग म्हणतात. पेपरात रोज वाचता तो शब्द हाच.

दुसरी गोष्ट म्हणजे लाइन फुटते का. लोक शिव्या घालतात, त्यांचं पण बरोबर आहे, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी आणखी लांबतं. उजनीपासून पाइपलाइन शंभर किलोमीटरच्या वर. पंप चालू असताना आतलं पाणी म्हणजे चालती मालगाडी समजा. वीज गेली, पंप बसला, तरी पाणी पुढं जातच राहतं, मागं दाब एकदम पडतो, मग तेच पाणी उलटं फिरतं आणि बंद झालेल्या व्हॉल्व्हवर येऊन आपटतं. सेकंदाला एक मीटर वेगानं चाललेलं पाणी असं झटक्यात थांबलं तर लोखंडी पाइपात दाब साधारण १०० मीटर उंच टाकीएवढा वाढतो आणि ती दाबाची लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास पळते. याला वॉटर हॅमर म्हणतात. घरात नळ खटकन बंद केल्यावर भिंतीत ठक् आवाज येतो ना, तो याचा लहान भाऊ. रात्री तीन वाजता पावसात अशा फुटलेल्या जागी उभा राहिलोय, अर्धा किलोमीटर लांबून आवाज ऐकू येतो. वीज दोन सेकंद गेली तरी इकडं शहराचे दोन दिवस जातात, ते का, हे लोकांना कळावं असं मला फार वाटतं.

मला स्लाइड वगैरे जमत नाहीत. पारदर्शक नळी, बादली आणि एक कॉक मिळाला तर करून दाखवीन.

कांडी

काका, नळी-बादली-कॉक सगळं मिळेल. पुढचा रविवार तुमचा. आमच्या गल्लीत पाण्यावरून सगळ्यात जास्त प्रश्न येतील, तयारीनं या.

अकरावी_सायन्स

ताई मी मागच्या वेळी आले होते, छान झालं, पण एक बोलू का? राग मानू नका. माग, पाणी, पाऊस सगळं आपल्या इथलंच. मला ब्लॅकहोल ऐकायचंय, ज्यातनं उजेडसुद्धा बाहेर पडत नाही ते. आमच्या घरी दोन माग आहेत, दिवसभर तेच बघते, रविवारी तरी मला त्याच्याबाहेरचं काहीतरी ऐकायचं असतं. आपल्याला आपल्याच धंद्यातलं समजतं असं समजू नका ना. १९३० मध्ये आपले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर १९ वर्षांचे होते, बोटीतनं इंग्लंडला जाताना त्यांनी गणित मांडलं की विझलेला तारा सूर्याच्या साधारण १.४ पटीपेक्षा जड असेल तर तो पांढरा बटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गोळा) म्हणून टिकूच शकत नाही. १९ वर्षं म्हणजे माझ्यापेक्षा तीनच वर्षं मोठे.

आता_पुण्यात

अकरावी_सायन्स, तुझ्याशी शंभर टक्के सहमत.

मी मूळचा साखर पेठेतला. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात, मी माझ्या मुलाला घेऊन जायचो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांची एक गोष्ट तिथं नेहमी निघते. सही मागायला मुलं गराडा घालायची तर सर सही देत नसत, सांगायचे की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल. आणि खरंच स्वतः उत्तर लिहायचे. २० मे २०२५ ला सर गेले तेव्हा कितीतरी लोकांनी जपून ठेवलेली पोस्टकार्डं बाहेर काढली.

ब्लॅकहोल घ्यायचं तर लायगोवरून घ्या. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर (अवकाशालाच किंचित ताणत-आवळत जाणारी लाट) पकडली, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं लांब दोन ब्लॅकहोल एकमेकांत मिसळली होती त्याची. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षा कमी फरक पडला तो मोजला. तसंच यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे, २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. इतकं बारीक मोजायचं म्हणजे लांबवरनं जाणाऱ्या ट्रकचा हादरासुद्धा आरशापर्यंत पोचू द्यायचा नाही. ब्लॅकहोल ऐकता ऐकता इंजिनिअरिंग पण ऐकून होईल. मी एका मित्राला विचारतो, तो या क्षेत्रात आहे आणि बार्शीचा आहे.

कांडी

अकरावी_सायन्स, राग कशाला मानू, उलट बरं झालं बोललीस. मी वर लिहिलं की हातातल्या वस्तूपासून सुरू केलं की लोक ऐकतात, ते माझं अर्धंच होतं हे तुझ्यामुळं लक्षात आलं. मी बारावीत सायकलवर गेले होते ते काही मागाबद्दल ऐकायला नव्हते गेले. विषय लिहून घेतला. आणि एक विनंती, चंद्रशेखरांचं दहा मिनिटं तूच सांगशील का? बोटीतनं सुरू कर.

विडीघरकुल

वाचत होतो नुसता, पण लिहावंसं वाटलं. माझी आई विड्या वळते, रोजच्या हजार. अशोक चौकात मागं सूप घेऊन बसलेल्यांत ती पण होती, माझ्या मावशीकडं आली होती. घरी येऊन मला हुकाचं सगळं सांगितलं, तेलुगूत. माझ्या आईनं मला यंत्र समजावून सांगितलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

दोन गोष्टी सांगतो. एक, आमच्याकडं बऱ्याच घरात तेलुगू बोलतात, मोठ्या बायकांना पुस्तकी मराठी जड जातं. प्रश्नांच्या वेळी कुणीतरी तेलुगूत विचारलेलं मराठीत सांगायला उभं राहिलं तर निम्म्या बायका जास्त बोलतील, मी उभा राहीन. दुसरं, वेळ. कारखान्यात माल देऊन येईपर्यंत, स्वयंपाक होईपर्यंत उशीर होतो, रविवारी सहाच्या ऐवजी साडेसातला ठेवा.

आणि आईनं एक प्रश्न दिलाय, विचारून ठेव म्हणाली. विडीचं पान आधी भिजवून ठेवतो तेव्हा ते मऊ होतं, वाळलं की तेच पान मोडतं. पाणी आत जाऊन करतंय काय?

हिप्परगा

दादा, आईंना सांगा प्रश्न फार चांगला आहे. पानाच्या भिंती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांच्या असतात, कोरड्या असताना त्या एकमेकींना घट्ट धरून असतात, वाकवलं की तुटतात. पाण्याचे कण मधे शिरले की ती पकड सैल होते, साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात, म्हणून पान वळतं. आजोबांचं कार्ड पावसाळ्यात फुगायचं ते पण याचमुळं, कागद म्हणजे सेल्युलोजच. पान आणि कार्ड दोन्ही समोर ठेवून यावर अर्धा तास बोलता येईल, आईंनी भिजवलेली पानं आणली तर.

पाणीपट्टी

साडेसात मला चालतंय. कांडीताई, नळी किमान दहा फुटी बघा, आखूड नळीत धक्का दिसत नाही.

कांडी

ठरलं मग. पुढचा रविवार, साडेसात, काकांचं उजनी आणि फुटणारी पाइपलाइन. त्यापुढचा महिना ब्लॅकहोल, आधी दहा मिनिटं अकरावी_सायन्स. मग कृत्रिम पाऊस, आणि मग पान आणि कार्ड. बार्शीलाईट सर, एखाद्या रविवारी तुमची मेणबत्ती पण लावायची आहे.

आत्ताच आजोबांच्या घरी जाऊन आले. त्यांनी माळ्यावरनं कार्डांची आख्खी चळत खाली काढून उन्हात वाळत घातलीये, मोराची. म्हणाले, चुकलेलं कार्ड पण त्यातच आहे, शोधायला पोरांना पाठव.

अकरावी_सायन्स

ताई मी येलाले उद्या, कार्ड शोधायला. आणि हो, बोलते मी दहा मिनिटं.